नाकाचं ‘हाड’, अडलेला श्वास आणि विम्याची फाइल

‘नाकाचं हाड वाढलंय’ हे आपण इतक्या सहज बोलतो की पेशंटला समजावताना डॉक्टरही तेच म्हणतात. खरं तर हाड वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा (पुढे कूर्चा, मागे पातळ हाड) एका बाजूला कललेला असतो. किंवा आतल्या भिंतीवरच्या मांसल घड्या, म्हणजे टर्बिनेट, सुजलेल्या असतात. किंवा नाकाची बाजूची भिंतच इतकी लेचीपेची असते की श्वास ओढला की ती आत चिकटते. दुखणी तीन, शस्त्रक्रिया वेगवेगळ्या, आणि विमा कंपनीच्या टेबलावर यांची गतही वेगवेगळ्या तऱ्हांची होते. बऱ्याच जणांच्या नाकात यातली दोन किंवा तिन्ही एकत्र असतात, तो घोळ आणखी वेगळा.

मी स्वतः दीड वर्ष या फेऱ्यात होते. पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला. मधल्या काळात नाकात तसूभरही फरक पडला नव्हता, फरक पडला तो कागदांत. म्हणून या लेखात डॉक्टरकी कमी आणि कागदपत्रं जास्त आहेत. ज्यांना नाक सुंदर करून घ्यायचंय त्यांनी खुशाल घ्यावं, पण तो खर्च विम्यातून निघत नाही आणि हा लेखही त्यांच्यासाठी नाही.

पायरी १: अडतंय कुठे ते आधी कळू दे

निरोगी नाकातही दोन्ही बाजू एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. आतल्या घड्यांमधलं रक्त काही तासांच्या अंतराने आलटून पालटून कमी-जास्त होतं. एक बाजू उघडते, दुसरी थोडी भरते. १८९५ मध्ये कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने हे चक्र नोंदवून ठेवलंय. त्यामुळे ‘कधी डावं बंद, कधी उजवं’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते नुसतं चक्र असेल किंवा अॅलर्जी असेल. कायम एकच बाजू बंद राहत असेल, औषधाने तात्पुरतंही उघडत नसेल, तर नाकाच्या बांधणीत काहीतरी असण्याची शक्यता वाढते.

आठ-दहा दिवस एका वहीत नोंद ठेवा. कुठली बाजू, कोणत्या वेळी, झोपल्यावर की जिना चढताना, तोंड कोरडं पडून जाग येते का. ही वही पुढे डॉक्टरांच्या टेबलावर फार कामाला येते, कारण तिथे गेल्यावर आपण हमखास ‘तसं नेहमीच असतं’ एवढंच सांगून मोकळे होतो.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. नाकाशेजारी गालावर बोट ठेवायचं, कातडी हलकेच कानाच्या दिशेने ओढायची आणि श्वास घ्यायचा. याला कॉटल चाचणी म्हणतात. एकदम मोकळं वाटलं तर अडथळा नाकाच्या व्हॉल्व्हपाशी असू शकतो. नाकावर चिकटवायच्या पट्टीने रात्री बरं वाटत असेल तर तोही त्याच दिशेचा इशारा. मात्र गाल ओढल्यावर धडधाकट नाकाच्या माणसालाही थोडं बरं वाटतंच, म्हणून एवढ्यावर कुणी शस्त्रक्रिया ठरवत नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप असलेलं काही यंत्र नव्हे. नाकपुडीतून आत गेल्यावर, वरच्या बाजूला पडदा आणि बाजूची कूर्चा जिथे एकमेकांना भेटतात, ती चिंचोळी फट. तिथला कोन साधारण १० ते १५ अंशांचा असतो. नाकाच्या सगळ्या वाटेतली ही सर्वात अरुंद जागा. नळीच्या गणितात त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो. नाक म्हणजे सरळसोट नळी नाही हे खरं, पण त्या फटीत एखाद्या मिलिमीटरने माणसाची झोप का उडते ते यावरून कळतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञ याच चाचणीचा सुधारित प्रकार करतात. माझ्या डॉक्टरांनी कानकोरण्यासारखी दिसणारी धातूची बारीक दांडी नाकपुडीत घातली, वरच्या कोपऱ्यातली भिंत केसभर बाहेर धरून ठेवली आणि म्हणाले, ‘आता घ्या श्वास.’ हवा आत गेली ती थेट कपाळामागे गार लागली. दांडी काढली, भिंत परत चिकटली, परत तीच बारीक शिट्टी. दुसऱ्या बाजूला तेच करून त्यांनी केसपेपरवर एक ओळ खरडली. ती ओळ पहिल्या अर्जासोबत गेलीच नाही, आणि दुसऱ्या अर्जात सगळं तिच्यावरच तरलं. ते पुढे येतंच.

तपासणीत दुर्बिणीतून आत बघणं जवळजवळ नेहमी होतं. सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. सायनसचा त्रास असेल किंवा विमा कंपनी मागत असेल तर करतात. स्कॅनमध्ये पडद्याचा बाक आणि सुजलेल्या घड्या छान दिसतात, पण श्वास घेताना आत बसणारी भिंत दिसत नाही, कारण चित्र स्थिर असतं. व्हॉल्व्हचा त्रास असलेल्या माणसाला ‘स्कॅन तर नॉर्मल आहे’ असं सांगून परत पाठवलं जातं ते बऱ्याचदा यामुळे.

पायरी २: औषधांचा काळ नोंदवून काढा

ही पायरी लोकांना सर्वात कंटाळवाणी वाटते आणि बरेच अर्ज इथेच मार खातात. पडदा औषधाने सरळ होत नाही हे विमा कंपनीलाही माहीत आहे. तरी औषधं आधी देऊन बघितली का, हे कंपन्या विचारतात, कारण अॅलर्जीची सूज उतरली तर वाकडा पडदा असूनही माणूस आरामात श्वास घेऊ शकतो. बाक असलेले पडदे भरपूर लोकांचे असतात, आणि त्यातल्या पुष्कळांना काहीही त्रास नसतो.

साधारण चार ते सहा आठवडे स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, अॅलर्जी असेल तर तिची गोळी, असा हा काळ असतो. काही कंपन्या याहून जास्त मागतात. स्प्रे मारण्याची पद्धत मात्र शिकून घ्या. मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डाव्यासाठी उजवा, आणि टोक मधल्या पडद्याकडे न करता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. सारखं पडद्यावर मारलं तर तिथे खपली धरते आणि रक्त येतं. जोरात हुंगायचंही नाही. औषध घशात उतरून उपयोग नाही.

नाक धुण्यासाठी पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड घ्या. थेट नळाचं नको. पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचल्याच्या घटना आहेत. दुर्मीळ, पण बहुतेक जिवावर बेतलेल्या.

आणि ते झटक्यात नाक उघडणारे थेंब, ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले. ते तीन ते पाच दिवसांच्या वर नको. त्यापुढे नाक त्या थेंबांच्याच सवयीने बंद पडायला लागतं. वर्षानुवर्षं खिशात बाटली बाळगणाऱ्याला डॉक्टर आधी ती सोडायला लावतात, शस्त्रक्रियेचं नंतर बघू म्हणतात. तसं म्हणाले तर रागावू नका.

या सगळ्याची तारीखवार नोंद कागदावर हवी. कोणता स्प्रे, कधीपासून कधीपर्यंत, किती फरक पडला, आणि मुख्य म्हणजे तो काळ संपल्यावरची परत भेट. चिठ्ठ्या आणि औषधाची बिलं टाकून देऊ नका. ‘सहा आठवडे स्प्रे वापरला, उपयोग झाला नाही’ हे तुमच्या तोंडून ऐकणं वेगळं, आणि डॉक्टरांनी दोन वेगळ्या तारखांना तपासून लिहिलेलं असणं वेगळं.

पायरी ३: पाच प्रश्नांचा कागद

नाकाच्या अडथळ्याचं मोजमाप करणारी ‘नोज’ नावाची छोटी प्रश्नावली २००४ पासून वापरात आहे. पाच प्रश्न: नाक चोंदणं, नाक बंद वाटणं, नाकाने श्वास घ्यायला त्रास, झोपेचा त्रास, आणि व्यायाम किंवा श्रम करताना नाकाने पुरेशी हवा न मिळणं. गेल्या महिन्याभराचा विचार करून प्रत्येकाला ० ते ४ गुण द्यायचे, बेरीज करून तिला ५ ने गुणायचं. जास्तीत जास्त १००. ढोबळमानाने ३० ते ५० म्हणजे मध्यम त्रास, ५५ ते ७५ तीव्र, ८० किंवा त्याहून जास्त अतितीव्र.

हा कागद औषधांच्या आधी एकदा आणि नंतर एकदा भरा, तारीख घाला आणि केसपेपरला लावून घ्या. माझे आधी ८५ आणि स्प्रेच्या दीड महिन्यानंतर ८० होते. म्हणजे सूज थोडी उतरली, अडथळा होता तिथेच राहिला. हे दोन आकडे बघणाऱ्याला सहज कळतात. गुण फुगवण्याच्या फंदात पडू नका. सगळीकडे ४ घालून शंभर केलेला कागद आणि त्याच फाइलमधलं ‘रोज पळायला जातो’ हे वाक्य एकमेकांचे गळे धरतात.

पायरी ४: शस्त्रक्रियेचं नाव नीट समजून घ्या

सेप्टोप्लास्टी म्हणजे मधला पडदा सरळ करणं. काम सगळं आतून, बाहेरून नाक तसंच दिसतं. विम्याच्या दृष्टीने ही त्यातल्या त्यात सोपी. टर्बिनेट रिडक्शन म्हणजे सुजलेल्या घड्या लहान करणं. त्या पूर्ण कापून टाकणं आता चांगलं मानत नाहीत, कारण हवा गरम आणि ओलसर करणं हे त्यांचंच काम. फार काढल्या तर नाक मोकळं असूनही माणसाला हवा लागत नाही असं वाटत राहतं, आणि त्यावर मग सोपा इलाज नसतो. म्हणून ‘किती काढणार आणि किती ठेवणार’ हे सर्जनला जरूर विचारा.

तिसरी व्हॉल्व्ह दुरुस्ती. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेची बारीक पट्टी बसवून ती फट रुंद करतात, तिला स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. बाजूची भिंत आत बसत असेल तर तिला टेकू म्हणून बॅटन ग्राफ्ट. ही कूर्चा शक्यतो पडद्यातूनच घेतात, तिथे पुरेशी नसेल तर कानातून आणि क्वचित बरगडीतून. पडद्यातली सगळी कूर्चा काढत नाहीत. पुढच्या आणि वरच्या कडेची साधारण एक सेंटिमीटर रुंद चौकट ठेवावीच लागते, नाहीतर नाक खचतं.

आणि चौथी फंक्शनल राइनोप्लास्टी. नाकाचा बाहेरचा सांगाडाच वाकडा असेल, मार लागून बसला असेल, तर नुसता आतला पडदा ओढून भागत नाही. ‘पडदा जिकडे, नाक तिकडे’ असं सर्जन लोक म्हणतात, ते उलटंही खरं आहे. इथे बाहेरून नाक बदलतं, पण कारण श्वास असतं. अर्जाची खरी परीक्षा याच प्रकारात. राइनोप्लास्टी हा शब्द दिसला की तपासणाऱ्याचा हात आपोआप ‘सौंदर्य शस्त्रक्रिया, नामंजूर’ या शिक्क्याकडे जातो. माझं तेच झालं. सोबत पहिल्या फेरीत मदतकक्षातल्या माणसाने माझ्या चेहऱ्याकडे बघून ‘दिसायला तर बरं आहे की नाक’ असा शेराही ऐकवला. तो लेखी नव्हता, एवढंच.

सायनसची दुर्बिणीची शस्त्रक्रिया ही या सगळ्यांपेक्षा निराळी. ती सोबत होऊ शकते, पण अर्जात तिचं कारण आणि तिचे पुरावे स्वतंत्र द्यावे लागतात.

पायरी ५: सर्जनच्या आधी पॉलिसी वाचा

पूर्ण वाचायचा कंटाळा येणार हे गृहीत धरून, कुठे बघायचं तेवढं सांगते.

पहिलं, प्रतीक्षा काळ. नवीन पॉलिसीत ठरावीक आजारांवर महिने किंवा वर्षं थांबावं लागतं. नाकाच्या पडद्याचं नाव त्या यादीत स्वतंत्र असू शकतं किंवा ‘कान, नाक, घशाचे साधे आजार’ अशा गोळाबेरीज शब्दांत लपलेलं असू शकतं. दुसरं, आधीपासूनचा आजार. पॉलिसी घेताना त्रास होता आणि सांगितला नाही, तर नंतर सगळा दावाच अडकतो. तिसरं, कॉस्मेटिक कलम, म्हणजे दिसण्यासाठीचे उपचार बाद करणारं कलम, आणि त्यातले अपवाद. अपवाद शब्दशः उतरवून घ्या, कारण डॉक्टरांच्या पत्राने त्यालाच उत्तर द्यायचं असतं. चौथं, पूर्वमंजुरी लागते का, आणि रुग्णालय, सर्जन, भूल देणारे डॉक्टर हे तिघेही कंपनीच्या यादीत आहेत का. सर्जन यादीत आणि भूलतज्ज्ञ बाहेरचे, मग त्यांचं बिल तुमच्या गळ्यात, हे सर्रास होतं. पाचवं, सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी गेलात तर चालतं की रात्रभर राहणं सक्तीचं आहे.

देशागणिक नियम वेगळे असतात. भारतात नियामकाने बाद गोष्टींची भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी करून दिली आहे. तिथलं कॉस्मेटिक कलम अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला लागू होत नाही, आणि आरोग्याला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेच्या उपचारांनाही लागू होत नाही, मात्र तशी गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केलेली हवी. अमेरिकेत प्रत्येक कंपनीचं ‘मेडिकल पॉलिसी’ नावाचं स्वतंत्र कागदपत्र असतं. औषधं किती आठवडे, फोटो कुठल्या बाजूंचे, हे त्यात कलमवार लिहिलेलं सापडतं, आणि बहुतेक वेळा ते कंपनीच्या संकेतस्थळावर खुलं असतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत दिसण्यासाठीची नाकाची शस्त्रक्रिया सहसा होत नाही, श्वासाच्या त्रासासाठीची होऊ शकते. देश कुठलाही असो, प्रश्न तोच: हे दिसण्यासाठी आहे की श्वासासाठी?

पायरी ६: फाइल लावणं

फाइलमध्ये तपासणीचे कागद, दुर्बिणीचा अहवाल, स्कॅन असेल तर तो, औषधांची तारीखवार यादी, पाच प्रश्नांचे दोन्ही कागद, आणि मार लागला असेल तर त्या वेळची कागदपत्रं. फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून, नाकपुड्या दिसतील असा. व्हॉल्व्हचा त्रास असेल तर शांत श्वासाचा आणि जोरात श्वास ओढतानाचा असे खालून दोन फोटो शेजारी शेजारी लावा. एकात नाकपुडी उघडी, दुसऱ्यात चपटी. या जोडीपुढे पानभर मजकूर फिका पडतो.

आजारासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीतला क्रमांक वापरतात. वाकड्या पडद्याचा जे ३४.२, वाढलेल्या टर्बिनेटचा जे ३४.३. शस्त्रक्रियेचे क्रमांक देशानुसार बदलतात. अमेरिकेतल्या सीपीटी यादीत सेप्टोप्लास्टी ३०५२० आणि व्हॉल्व्ह दुरुस्ती ३०४६५. आजाराचा क्रमांक आणि शस्त्रक्रियेचा क्रमांक एकमेकांना जुळतात का, ते रुग्णालयाच्या विमा विभागात उभं राहून विचारा. पडद्याचा आजार लिहून व्हॉल्व्हची दुरुस्ती मागितली तर अर्ज परत येणारच.

सगळ्यात मोलाचं असतं सर्जनचं पत्र. ‘पेशंटला राइनोप्लास्टीची गरज आहे’ हे एक ओळीचं पत्र कुचकामी. पत्रात असावं ते असं: अडथळा नेमका कुठे आणि किती, कुठल्या तपासणीत दिसला, कोणती औषधं किती आठवडे दिली, त्यांनी का भागलं नाही, नुसत्या सेप्टोप्लास्टीने का भागणार नाही, आणि रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो. ‘नुसत्या सेप्टोप्लास्टीने का भागणार नाही’ हा मुद्दा पहिल्या खेपेला माझ्या पत्रात नव्हता. दुसऱ्या पत्रात डॉक्टरांनी ती कानकोरण्याच्या चाचणीची ओळ तारखेसकट उचलून घातली: बाजूच्या भिंतीला आधार दिल्यावर दोन्ही बाजूंचा श्वास लक्षणीय सुधारतो, पडदा सरळ केल्याने हा दोष जाणार नाही.

डॉक्टर घाईत असतात. मुद्दे तुम्हीच एका कागदावर लिहून न्या आणि ‘यातलं जे तुम्हाला पटतं तेवढं पत्रात येऊ द्या’ म्हणा. बहुतेकांना याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

घोरणं किंवा झोपेत श्वास थांबणं असेल तर तेही सांगा, पण भलत्या अपेक्षेने नको. नाकाच्या शस्त्रक्रियेने झोपेतला श्वास थांबण्याचा आजार सहसा बरा होत नाही. झोपेत हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र लावणं मात्र सुसह्य होऊ शकतं, आणि तसं असेल तर ते पत्रात यावं.

पायरी ७: पूर्वमंजुरी, आणि माझा चौदाचा घोळ

पूर्वमंजुरीचा फॉर्म रुग्णालयातून जातो. भरणारा असतो विमा विभागातला कारकून, समोर डॉक्टरांचं अक्षर, आणि दिवसाला असे कित्येक फॉर्म. ‘त्रास किती काळ’ या रकान्यात माझ्या डॉक्टरांनी १४ महिने असं आखडून लिहिलं होतं. फॉर्मवर ते १४ वर्षे झालं. पॉलिसी सहा वर्षांची. झालं, कंपनीचा प्रश्न आला: हा आजार पॉलिसीच्या आधीचा, मग जाहीर का केला नाही? एका रकान्यातल्या एका शब्दापायी महिना गेला. शेवटी मूळ केसपेपरची प्रत आणि डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं खुलाशाचं पत्र दिल्यावर तो प्रश्न मिटला.

म्हणून सही करण्याआधी फॉर्म वाचायचाच. मागे रांग असली तरी. विशेषतः तीन रकाने: त्रासाचा काळ, कारण, आणि शस्त्रक्रियेचं पूर्ण नाव. याचा अर्थ काळ कमी करून लिहा असा मुळीच नाही. लहानपणापासून नाक बंद असेल तर तेच लिहिलं जाईल आणि तेच बरोबर. खोटं सापडलं तर हा दावा जातोच, पॉलिसीही जाऊ शकते.

मंजुरी आली की ती कशाला आली हेही बघा. तीन गोष्टी मागितल्या आणि दोनच मंजूर, असं होतं. शिवाय मंजुरी म्हणजे पैसे हातात पडले असं नव्हे. अंतिम बिल, ऑपरेशनची नोंद आणि मंजूर केलेलं नाव जुळलं नाही तर नंतरही कात्री लागते.

पायरी ८: नकार आला तर

पत्र हातात पडल्यावर पहिला दिवस नुसता चिडण्यात जातो, जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी शोधा: कुठल्या कलमाखाली नकार आणि अपिलाची मुदत कधीपर्यंत. कलम लिहिलेलं नसेल तर लेखी मागा. फोनवर कळलेलं कारण जमेस धरू नका.

मग त्या कलमालाच उत्तर द्यायचं. ‘कॉस्मेटिक’ म्हणाले असतील तर औषधांचा आठवडानिहाय तक्ता पाठवून उपयोग नाही, श्वासाचा पुरावा आणि फोटोंची जोडी पाठवा. ‘औषधोपचार अपुरे’ म्हणाले असतील तर फोटो बाजूला ठेवा, तारखा द्या. तीच फाइल तशीच परत पाठवली तर तोच नकार परत येतो. अमेरिकेत तुमचे सर्जन कंपनीच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलू शकतात. दहा मिनिटांच्या अशा बोलण्याने महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो, कारण तोपर्यंत तुमचं प्रकरण कान-नाक-घसा समजणाऱ्या कुणी बघितलेलं असेलच असं नाही.

कंपनीच्या आतलं अपील संपलं की बाहेरचा दरवाजा असतो. भारतात विमा लोकपाल, कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर वर्षभराच्या आत. अमेरिकेत बहुतेक योजनांमध्ये आतल्या अपिलाला १८० दिवस आणि त्यानंतर स्वतंत्र बाह्य तपासणी मागायला चार महिने. मुदत चुकली की खरी बाजूही ऐकली जात नाही, म्हणून तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात.

श्वासासोबत नाकाचा उंचवटाही घासून घ्यायचा असेल तर

हे चालतं. पण दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. दिसण्यासाठीच्या भागाचं सर्जन शुल्क, आणि त्यासाठी वाढलेल्या वेळाचं ऑपरेशन थिएटर आणि भुलीचं शुल्क तुम्ही भरायचं, बाकीचं विम्यातून. दोन लेखी अंदाजपत्रकं आधी घ्या. ‘सगळंच विम्यात बसवून देतो’ म्हणणारा सर्जन भेटला तर तिथून उठा. फसवणुकीच्या त्या कागदावर सही तुमचीही असते.

पायरी ९: ऑपरेशन आणि नंतर

हा भाग सर्जन सविस्तर सांगतील, मी थोडक्यात आटोपते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. धूम्रपान काही आठवडे आधीपासून सोडलेलं बरं, जखम भरायला ते वाईट. धोके विचारून घ्या: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक पडणं, आत चिकटणं, वरच्या पुढच्या दातांना काही दिवस बधिरपणा, आणि कूर्चा पुन्हा जुन्या बाकाकडे वळणं. पडद्यात रक्त साठलं तर नाक एकदम गच्च होतं आणि ठणकतं. तेव्हा उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

आत सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवल्या असतील तर साधारण आठवड्याने काढतात. तोवर नाक पूर्वीपेक्षाही बंद असतं आणि ‘कशाला केलं हे’ असं प्रत्येकाला वाटतं. एक-दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. उशी उंच. नाकाची हाडं हलवली असतील तर चष्म्याचं ओझं काही आठवडे नाकावर नको, चेंडू किंवा धक्का लागेल असे खेळ साधारण सहा आठवडे नकोत. आतली सूज हळूहळू उतरते, बाहेरून सांगाड्याचं काम झालं असेल तर पूर्ण बसायला वर्ष लागू शकतं.

घरी जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि सगळी बिलं मुळातली घ्या. ऑपरेशनच्या नोंदीत ग्राफ्ट कुठून घेतला आणि कुठे बसवला हे असलं पाहिजे. नंतरच्या तपासण्या आणि औषधं ठरावीक दिवसांपर्यंत भरून मिळत असतील तर त्या बिलांसाठी पाकीट वेगळं ठेवा आणि मुदतीत पाठवा. हे पैसे लोक हमखास सोडून देतात.

तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तोच पाच प्रश्नांचा कागद पुन्हा भरा आणि फाइलला लावा. कधी दुसरी दुरुस्ती लागलीच, तर नव्या अर्जाची सुरुवात तिथून होते. माझ्या सहाव्या महिन्याच्या कागदावर १० गुण आहेत. झोपेच्या प्रश्नापुढे मी अजूनही १ लिहिते, पण त्याला आता नाक जबाबदार नाही, शेजारी झोपणाऱ्याचं घोरणं आहे. पट्ट्या काढून झाल्यावर त्याचीही अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती, अजून गेलेला नाही.